आधी टीपॉय हलवा

डोंबिवली, ठाणे, कल्याण या पट्ट्यात मी बरीच वर्षं व्हिडिओ गेमची मशीनं भाड्याने दिली. शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या टीव्हीला मशीन जोडून द्यायचं, सोमवारी सकाळी उचलून आणायचं आणि डिपॉझिट परत करायचं, एवढाच धंदा. वाढदिवस, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीत जमलेली चुलत-मावस भावंडं हा माझा हंगाम. या सगळ्या काळात एक प्रश्न मला दारोदारी ऐकू आला. “ते हात हलवून खेळायचं असतं ना, ते घेण्यासारखं आहे का हो?”

दुकानदाराला याचं उत्तर सहसा ठाऊक नसतं. खोकं दुकानाबाहेर गेलं की त्याचा संबंध संपतो. माझ्याकडे मशीन परत येई आणि त्यावरून घरात काय झालं ते कळे. पेन्सिल सेल किती उतरलेत, मनगटाची दोरी घामाने कडक झालीय की तिच्यावर अजून नव्याची घडी आहे, कुठलं बटण आमरसाने चिकट झालंय. निन्टेंडोच्या ‘वी’ या मशीनमध्ये तर याहून पक्का पुरावा मिळे. त्याच्या मेसेज बोर्डवर कुठल्या दिवशी कुठला खेळ किती वेळ चालला, याची नोंद आपोआप व्हायची. गिऱ्हाइकांना ती ठाऊकही नसायची. मी घरी आल्यावर चहा घेताघेता ती उघडून बघायचो. चित्र ठरलेलं असे. शनिवारी टेनिस आणि बॉलिंग मिळून कित्येक तास, रविवारी त्याच्या निम्मं, रविवारी रात्री जवळपास काहीच नाही. महिन्याच्या बोलीवर नेलेल्या मशीनचं तेच. पहिला आठवडा भरगच्च, तिसरा कोरा. बटणांच्या कंट्रोलरवर खेळणाऱ्या पोरांचा हिशेब याच्या बरोबर उलटा चाले. पहिल्या दिवशी चाचपडत, मग रोज थोडं जास्त, आणि सोमवारी सकाळी मी दारात उभा असताना “काका, अजून दोन दिवस राहू दे ना” ही विनवणी.

एवढ्यावरून हात हलवायचे खेळ म्हणजे चार दिवसांचं कौतुक, असा निकाल देऊन मोकळं होता आलं असतं. पण शनिवारच्या त्या तासांत कोण खेळत होतं, हे नोंदवहीत लिहिलेलं नसे.

सप्टेंबर २००५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी हा एका हातात धरायचा कंट्रोलर पहिल्यांदा दाखवला, तेव्हा तो टीव्हीच्या रिमोटसारखा का आहे, हाच चर्चेचा विषय होता. उत्तर सोपं होतं. तोवरच्या कंट्रोलरवर दोन दांड्या आणि डझनभर बटणं झाली होती. ज्याने लहानपणापासून ते हाताळलेलं नाही, तो माणूस ते हातातच घेत नसे. टीव्हीच्या रिमोटला मात्र कुणी घाबरत नाही. २००६ च्या नोव्हेंबरात वी बाजारात आला आणि पुढे त्याचे दहा कोटींहून जास्त नग खपले. आमच्याकडे तो बहुतेक लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर दुबई-सिंगापूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायचा.

डोंबिवलीत एका घरी मशीन लावून देताना ऐंशीच्या घरातल्या आजी बाजूला खुर्चीत बसल्या होत्या. नातवाने रिमोट त्यांच्या हातात दिला. मी सांगितलं, खालचं बटण दाबून धरा, हात मागे न्या, पुढे आणताना सोडा. बस्स. पहिला बॉल गटारात गेला. दुसऱ्याला सहा पिना पडल्या आणि आजी चक्क उभ्या राहिल्या. सोमवारी सूनबाई म्हणाल्या, सासूबाईंनी दोन्ही दिवस दुपारची झोप घेतली नाही. असं मी अनेक घरांत पाहिलं आणि जवळजवळ दर वेळी तो खेळ बॉलिंगच असायचा. कारण उघड आहे. बॉलिंगमध्ये घाई नाही, आपली पाळी आली की उठायचं, हाताची हालचाल खऱ्या खेळातल्याइतकीच आणि बॉल सोडायचा क्षण आपण ठरवायचा. पत्त्यांच्या डावासारखं चार माणसांत एक जण खेळतो, बाकीचे टोमणे मारतात. रिमोटही एकच पुरतो. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत याच बॉलिंगच्या स्पर्धा भरत, याचं मला कधीच नवल वाटलं नाही.

टेनिसची गोष्ट वेगळी. त्या खेळात पडद्यावरचा खेळाडू आपोआप पळतो, आपण फक्त फटका मारायचा. आता त्या पहिल्या रिमोटमध्ये होता एक्सेलरोमीटर. हाताला किती झटका बसला आणि रिमोट कुठल्या बाजूला कलला, एवढंच त्याला कळतं. हात खांद्यापासून फिरला की मनगटातून, हे त्याला नीट ओळखता येत नाही. शाळकरी पोरांना हे शोधायला एक तासही लागत नसे. सुरुवातीला हॉलभर नाचणारी मुलं तासाभरात सोफ्यावर लोळून नुसतं मनगट उडवताना दिसायची, आणि जिंकायचीही तीच. बाबा मात्र घाम गाळत पूर्ण बॅकहँड मारून हरायचे. मेहनतीला गुण नाहीत हे एकदा कळलं की शरीर काटकसर करतंच. मग पोरांना वाटायचं, एवढंच करायचं तर बटण काय वाईट होतं? त्यांचं चुकत नव्हतं.

२००९ मध्ये निन्टेंडोने मोशनप्लस नावाचा जोड काढला. त्यात जायरोस्कोप होता, त्यामुळे हाताचं वळणं बरंच अचूक कळू लागलं. तलवारबाजीत तुमचा हात जिकडे, तलवार तिकडे. खेळ सुधारला, पण आळशीपणाची सोय गेली, आणि मधूनमधून रिमोट पडद्याच्या मध्याकडे रोखून पुन्हा जुळवून घ्यायचं काम मागे लागलं. तिशीतल्या हौशी गिऱ्हाइकांना ते आवडलं. आजींची मजा त्याने तसूभरही वाढली नाही.

लावून देण्याच्या कामात मला सगळ्यात जास्त करमणूक कशाची वाटायची, तर टीव्हीवर ठेवायच्या त्या पट्टीची. तिला म्हणायचे सेन्सर बार, पण तिला काहीही कळत नसे. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असत, बस. कॅमेरा असायचा रिमोटच्या तोंडाशी, काळ्या काचेमागे. ते दोन ठिपके त्याला कुठे दिसतात, यावरून पडद्यावरचा हात हलायचा. एका घरी पट्टीची तार उंदराने कुरतडली. मी टीव्हीच्या खाली थोड्या अंतरावर दोन मेणबत्त्या लावून दिल्या आणि खेळ सुरू झाला, कारण ज्योतीतूनही इन्फ्रारेड बाहेर पडतं. त्या घरातल्या काकूंनी विचारलं, “मग निरांजन चालेल का?” चाललं असतं. पण याच कारणामुळे आपल्या घरांत पडद्यावरचा हात अनेकदा थरथरायचा. टीव्ही बसवलेला असे काचेच्या शोकेसमध्ये. पट्टीतल्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेत पडे आणि रिमोटला दोनाऐवजी चार ठिपके दिसत. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन आलं तरी तीच गत. शोकेसची काच सरकवली, पडदा ओढला की दुरुस्ती झाली. लोकांना वाटायचं मी मोठा कारागीर आहे.

चाळिशीचे बाप लोक हमखास एक आठवण काढायचे. नव्वदीत टीव्हीला जोडायच्या खेळासोबत प्लास्टिकची बंदूक यायची आणि तिने बदकं मारायची. ती बंदूक आताच्या टीव्हीवर का चालत नाही? तर ती बंदूक गोळी मारत नव्हती, बघत होती. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि तो उजेड दिसला का, हे बंदूक तपासायची. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बांधलेलं होतं. एलसीडीवर चित्र त्या क्षणी उमटतच नाही.

हा उशीर पुढे क्रिकेटच्या मुळावर आला. वीचा सेट घरात शिरला की पहिला प्रश्न असे, “क्रिकेट आहे ना?” होतं. ‘ॲशेस क्रिकेट २००९’ वीवर निघालं होतं. पुढे मुंबईच्या ट्राइन गेम्सने प्लेस्टेशनच्या मूव्ह कंट्रोलरसाठी ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ काढलं, गल्लीतलं आणि आपल्या पोरांना ओळखीचं. लोक हौसेने न्यायचे. पण हात हलवून खेळायच्या खेळांत क्रिकेटइतका अवघड खेळ नसेल. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला थोडा वेळ हालचाल ओळखण्यात जातो, थोडा नव्या टीव्हीच्या चित्र चकचकीत करण्यात जातो. म्हणून खेळ बनवणारा चेंडू हळू करतो, चूक पोटात घालतो, आणि मग ज्याला खरोखर बॅट धरता येते त्यालाच तो खेळ खोटा वाटतो. वर हातात काय, तर जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा रिमोट. वजन नाही, चेंडू लागल्याचा झणका नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू केला की उशीर कमी होतो. हे मी प्रत्येक घरी करून द्यायचो. तरी मैदानावर रोज खेळणारी मुलं अर्ध्या तासात खाली उतरून खरं क्रिकेट खेळायला जायची. त्या मुलांच्या आयांनी माझे आभार मानलेत.

२०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट आलं. त्यात कंट्रोलरच नाही, तुम्ही स्वतःच कंट्रोलर. प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं तंत्र. खोलीत न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी फेकायची आणि ती कुठे कशी वाकली यावरून माणसाचा सांगाडा ओळखायचा. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख नग खपले, गिनेसमध्ये विक्रम नोंदला गेला. माझा फोन तेव्हा थांबत नव्हता.

आता याचं मोजमाप आपल्या घराशी लावून बघा. एका माणसाला किनेक्टपासून साधारण सहा फूट मोकळी जागा लागायची, दोघांना आठ. डोंबिवलीतल्या वन बीएचकेचा हॉल दहा बाय बारा. बारा फुटांतून दीड फूट शोकेस आणि तीन फूट सोफा वजा केला की उरले साडेसात. म्हणजे एकाला ठीक, दोघांना अपुरे. टीपॉय बाल्कनीत, सोफा भिंतीला चिकटवलेला, आजोबा आतल्या खोलीत, असं सगळं केल्यावर खेळ सुरू होणार. त्यात स्वयंपाकघराकडे जायची वाट बहुतेक घरांत टीव्हीसमोरूनच. वहिनी कुकरची शिटी ऐकून आत गेल्या की कॅमेरा बिचारा बुचकळ्यात, हा तिसरा खेळाडू कोण? साडीतल्या बायकांचे पाय त्याला एकच दिसायचे. आणि उड्या! नावेतून जाताना उडी मारा, अडथळा आला उडी मारा. वर खेळ रंगात आला की खालच्या मजल्यावरून काका येऊन बेल वाजवायचे. याला कुणाचाही दोष नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला दिवाणखाना होता, गालिचा असलेला, खाली कुणी राहत नसलेला. आमच्याकडे हिरानंदानीतल्या मोठ्या हॉलांत तेच किनेक्ट फार सुंदर चालायचं. नाचाच्या खेळासाठी लग्नातल्या संगीताच्या आदल्या आठवड्यात ते नेणारी घरं माझी कायमची गिऱ्हाइकं होती.

मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये नव्या एक्सबॉक्सबरोबर किनेक्ट सक्तीचं केलं, किंमत ४९९ डॉलर. समोर प्लेस्टेशन ४ शंभर डॉलरने स्वस्त. जून २०१४ मध्ये त्यांना ते वगळून मशीन विकावं लागलं आणि २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच थांबलं. सक्ती इथे कधी टिकली नाही. त्याआधी २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ वर ‘लेअर’ नावाचा खेळ आला होता, ड्रॅगन उडवायचा तर कंट्रोलर हवेत वाकवायचाच. टीका इतकी झाली की नंतर साध्या दांडीने खेळायची सोय द्यावी लागली. निन्टेंडोने तर २०११ चा ‘स्कायवर्ड स्वॉर्ड’ २०२१ मध्ये पुन्हा काढला, तेव्हा तलवार बटण-दांडीने चालवण्याची मुभा स्वतःहून दिली.

दुखापतींचंही सांगायला हवं. २००७ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पत्र लिहून वीच्या टेनिसने दुखावलेल्या आपल्या खांद्याला गमतीने एक नवा आजार ठरवलं होतं. माझ्याकडे तसे फोन सोमवारी सकाळी यायचे, बहुतेक पन्नाशीच्या पुरुषांचे. रिमोट हातातून सुटायचेही. निन्टेंडोने डिसेंबर २००६ मध्येच सुमारे ३२ लाख मनगट-दोऱ्या जाड दोऱ्यांनी बदलून दिल्या आणि पुढच्या वर्षी रिमोटला रबरी अंगरखा आणला. आमच्या घरांत आणखी एक भर, छताचा पंखा. माळा असलेल्या खोलीत तो बोटाच्या अंतरावर असतो. मी दोरी मनगटात अडकवल्याशिवाय कुणाच्या हातात रिमोट देत नसे, काचेच्या बांगड्या काढायला सांगे, आणि तरी एका घरात टीव्ही फुटला.

ज्या एका गिऱ्हाइकाने हे यंत्र खऱ्या अर्थाने वसूल केलं, त्या ठाण्यातल्या फिजिओथेरपिस्टबाई. त्यांना खेळात रस नव्हता. त्यांनी मागितला बॅलन्स बोर्ड, वी फिटबरोबर येणारी वजनकाट्यासारखी पाटी. तिच्या चार कोपऱ्यांत वजन मोजणारे सेन्सर असतात, त्यामुळे शरीराचा तोल कुठल्या पायावर आहे, ते पडद्यावर ठिपक्याने दिसतं. अर्धांगवायूतून उठलेला माणूस नकळत सगळं वजन चांगल्या पायावर टाकतो. “दोन्ही पायांवर उभे राहा” हे त्याला दिवसभर सांगा, तो म्हणतो उभाच आहे. ठिपका एका बाजूला पळालेला स्वतः पाहिला की तो स्वतःच सावरतो. २०१० मध्ये ‘गेट अँड पोश्चर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हीच पाटी प्रयोगशाळेतल्या महागड्या फोर्स प्लेटशी ताडून पाहिली आणि उभं राहण्याचा तोल मोजायला ती चांगली उतरली. बाईंनी बोर्ड महिनोन् महिने ठेवला. त्यांचे रुग्ण ‘किती वेळा झालं’ मोजण्याऐवजी ‘किती गुण झाले’ मोजतात, एवढाच फायदा त्यांनी मला सांगितला होता.

कोरोनाच्या टाळेबंदीत निन्टेंडो स्विचवरच्या ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ला अशीच मागणी आली. हातात दाबायचं कडं, मांडीला पट्टा, आणि जागच्या जागी धावत राक्षसांशी लढाई. धावण्याऐवजी गुडघे वाकवून खेळायचा शांत प्रकारही त्यात आहे. ज्या कुणी तो घातला, त्याच्या खालच्या मजल्यावर नक्कीच कुणीतरी काका राहत असणार. हा खेळ लोकांनी मला लवकर परत दिला नाही, कारण तो व्यायाम होता आणि बाहेर पडता येत नव्हतं.

आणि ज्या पोरांनी टेनिसला नाकं मुरडली, तीच पुढे हात हलवू लागली, फक्त एका बोटाच्या अंतराइतका. २०१५ च्या ‘स्प्लाटून’मध्ये, २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये धनुष्य ताणताना, दांडीने साधारण नेम धरायचा आणि कंट्रोलर किंचित कलवून तो नेमका बसवायचा. सोफ्यावर बसून, घाम न येता. एक कॉलेजचा मुलगा दर महिन्याला स्विच न्यायचा. जायरो बंद करून खेळायला सांगितलं तर चिडायचा. वीआरमध्ये तर हात हलवल्याशिवाय सहसा भागतच नाही, पण तो वेगळा खर्च आणि वेगळी चर्चा.

म्हणून घेण्यासारखं आहे का, याला माझं उत्तर असं. फक्त हात हलवण्यासाठी म्हणून वेगळं यंत्र विकत घेऊ नका. आजची चांगली मशीनं, स्विच असो की प्लेस्टेशन ५, कंट्रोलरमध्येच जायरो देतात. त्याचा उपयोग रोज खेळणाऱ्याला होईल. मात्र घरात आजी-आजोबा असतील, कधीच न खेळणारी आई असेल, वर्षातून चार-दोनदा घर भरत असेल, तर बॉलिंगचा एक खेळ नक्की ठेवा. तो आठवडाभर कपाटात पडून राहिला तर वाईट वाटून घेऊ नका, तो त्याचाच स्वभाव आहे. व्यायामासाठी घेत असाल तर करवून घेणारं कुणीतरी घरात आहे का, ते आधी बघा. आणि काही घेण्याअगोदर टीव्हीपासून सोफ्यापर्यंत टेप लावून अंतर मोजा. आठ फूट भरले नाहीत तर उड्यांचे खेळ विसरा.

शक्यतो आधी कुठूनतरी भाड्याने आणून बघा. हे सांगण्यात आता माझा काही स्वार्थ राहिलेला नाही. धंदा मी बंद केला आणि शेवटचा वी, बॅलन्स बोर्डासकट, त्या फिजिओथेरपिस्टबाईंनीच विकत घेतला.